घटक ४ : शहराचा विकास आराखडा आणि लोकमाहिती

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला

• विकास आराखडा म्हणजे काय आणि तो कोणत्या टप्प्यांतून तयार होतो, हे सांगता येईल;
• लोकमाहिती ही संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
• माहिती गोळा करताना शब्दांची निवड निर्णायक का ठरते, याचे विवेचन करता येईल;
• आराखड्यावरील हरकत किंवा सूचना नेमक्या मराठीत लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण कार्यालयीन पत्र, अहवाल आणि वृत्तान्त यांच्या भाषेचा परिचय करून घेतला. या घटकात एका वेगळ्या दस्तऐवजाकडे वळावयाचे आहे. शहराचा विकास आराखडा हा नगररचनाकारांचा विषय. मराठीच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आराखडा हा जितका रेषांचा असतो तितकाच शब्दांचाही असतो. नकाशावरील प्रत्येक रंगामागे एक नाव असते : निवासी, औद्योगिक, वाणिज्य, मोकळी जमीन. ज्या गोष्टीला या नावांमध्ये जागा मिळत नाही ती गोष्ट नकाशावर येत नाही, आणि जी नकाशावर येत नाही तिच्यासाठी पाणी, शाळा वा रस्ता यांची तरतूदही होत नाही. म्हणून शहरातील माणसांनी आपल्या वस्तीविषयीची माहिती स्वतः गोळा करणे, हे प्रथम भाषेचे काम आहे.

विवेचनासाठी भिवंडी शहर आणि त्यातील निजामपुरा हा भाग आपण मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. आपण कोणत्याही गावात राहत असलात तरी येथील प्रश्न आपल्या गावाला लावून पाहावेत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ विकास आराखडा : स्वरूप आणि टप्पे

एखाद्या शहरातील जमिनीचा पुढील सुमारे वीस वर्षांत कोणत्या कामासाठी वापर व्हावा, हे ठरविणारा कायदेशीर दस्तऐवज म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्रात तो 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यानुसार तयार होतो. प्रथम नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुधा महानगरपालिका किंवा नगरपालिका, आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर कलम २५ नुसार जमिनीची पाहणी करून विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो. आज कोठे काय आहे, हे हा नकाशा सांगतो. त्याच्या आधारे प्रारूप आराखडा आखला जातो आणि कलम २६ नुसार तो प्रसिद्ध करून नागरिकांकडून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात. कलम २८ नुसार नेमलेली नियोजन समिती त्यांचा विचार करते. शेवटी राज्य शासन आराखड्याला मंजुरी देते. वीस वर्षांतून किमान एकदा आराखड्याचे पुनरीक्षण व्हावे, असे कलम ३८ सांगते.

या टप्प्यांतील दुसरा टप्पा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. हरकतींचा टप्पा सर्वांना माहीत असतो, कारण त्याची जाहिरात निघते. पाहणीचा टप्पा मात्र शांतपणे पार पडतो. विद्यमान भूवापर नकाशात चूक राहिली, तर तिच्यावर उभा राहिलेला पुढचा सारा हिशेब चुकतो.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. 'आरक्षण' हा शब्द आपण सामाजिक न्यायाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. नगररचनेत त्याचा अर्थ वेगळा आहे : शाळा, दवाखाना, क्रीडांगण यांसारख्या सार्वजनिक कामासाठी आराखड्यात राखून ठेवलेली जमीन. 'आपल्या गल्लीवर आरक्षण पडले' हे वाक्य ऐकून एखाद्याला लाभ झाल्यासारखे वाटेल, परंतु बोलणाऱ्याला आपले घर जाण्याची भीती वाटत असते. उलट बाजूने, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत अशी जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक कलम १२७ नुसार नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपुष्टात येते. नकाशावर हिरवे दिसणारे क्रीडांगण अशा रीतीने मुलांच्या हाती न येताच नाहीसे होऊ शकते. शब्द समजला नाही तर हा धोकाही समजत नाही.

४.२.२ लोकमाहिती : संकल्पना

आराखड्याआधी पाहणी हवी, हा विचार भारतात आग्रहाने मांडणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस यांचे नाव अग्रभागी येते. हे स्कॉटिश विचारवंत १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. रोगनिदानाशिवाय औषध देऊ नये, तसा शहराचा अभ्यास केल्याशिवाय त्यात बदल करू नये, अशी त्यांची भूमिका होती. जुन्या वस्तीवरून सरळ रुंद रस्ता फिरविण्याऐवजी गल्ल्यांतून पायी हिंडावे, लोक विहीर, झाड, ओटा कसा वापरतात ते पाहावे आणि कमीत कमी मोडतोड करून सुधारणा साधावी, असे ते सांगत.

गेडिस यांच्या पाहणीत पाहणारा तज्ज्ञ होता. लोकमाहितीत पाहणारे स्वतः रहिवासी असतात. एखाद्या वस्तीतील लोकांनी आपल्या वस्तीविषयी, आपल्या गरजेसाठी, पद्धतशीरपणे गोळा केलेली आणि इतरांना तपासून पाहता येईल अशी माहिती, अशी लोकमाहितीची व्याख्या आपण करू. या व्याख्येतील 'पद्धतशीरपणे' आणि 'तपासून पाहता येईल' ही पदे सोडू नयेत. 'आमच्याकडे पाणी येत नाही' ही तक्रार झाली. 'आमच्या गल्लीतील चार नळांना सलग पंधरा दिवस कोणत्या वेळी किती मिनिटे पाणी आले' याचा तक्ता ही माहिती झाली.

महाराष्ट्रात याची ठळक उदाहरणे आहेत. १९८५ मध्ये 'स्पार्क' या संस्थेने मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. त्याच वर्षी जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला होता. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने मानले, तरी रीतसर नोटीस देऊन पदपथावरील झोपड्या हटविण्यास मुभा दिली. अशा वेळी ही माणसे कोण आहेत, कोठून आली, काय काम करतात, हे सांगणारी गणना फार मोलाची ठरली. तिच्या अहवालाच्या शीर्षकात या लोकांनी स्वतःला 'अदृश्य' म्हटले होते. पुढे पुण्यात आणि सांगली-मिरज परिसरात 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने रहिवाशांच्या मदतीने वस्त्यांतील घरे व सोयी यांची माहिती संगणकीय नकाशांवर आणली. देशपातळीवर पाहिले, तर १९९६ मध्ये केरळात सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेने गावोगावच्या माणसांना आपल्या गावाचा विकास-अहवाल लिहिण्यास बसविले.

आपली प्रगती तपासा – १
(अ) विद्यमान भूवापर नकाशा आणि प्रारूप आराखडा यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
(आ) तक्रार आणि लोकमाहिती यांतील फरक आपल्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४.२.३ निजामपुरा : नावांतून वाचलेली जागा

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील शहर. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीतील लोकसंख्या सात लाखांहून अधिक नोंदली गेली. यंत्रमागाच्या देशातील अत्यंत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. शहराच्या सभोवतालच्या गावांत गोदामांचा प्रचंड पसारा वाढला आहे आणि तेथील नियोजनाचे काम महापालिकेकडे नसून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. म्हणजे रस्त्याच्या एका अंगाचा आराखडा एक कार्यालय करते आणि दुसऱ्या अंगाचा दुसरे. रोज हा रस्ता ओलांडून कामाला जाणाऱ्या माणसाला ही सीमारेषा दिसत नाही.

महापालिकेचे अधिकृत नाव 'भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका' असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र 'निजामपुरा' हा शब्द आहे. हा फरक केवळ उच्चाराचा नाही. 'पूर' हा नामघटक स्वतंत्र गाव वा नगर सुचवितो. 'पुरा' हा शहराचा एखादा भाग वा उपनगर सुचवितो. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, बेगमपुऱ्यासारखे पुरे प्रसिद्धच आहेत. एकाच जागेची कागदावरील आणि बोलण्यातील नावे तिला वेगवेगळे स्थान देतात. सर्वेक्षकाच्या यादीत पहिले नाव, रहिवाशाच्या उत्तरात दुसरे आणि टपालाच्या पत्त्यात तिसरेच, असे झाले की नोंदी जुळत नाहीत. म्हणून लोकमाहितीच्या कामात पहिली पायरी असते ती नावांची सूची करण्याची : अधिकृत नाव, प्रचलित नाव, जुने नाव, आणि ते नाव वापरणारे लोक.

भिवंडीतील स्थलनामांकडे या दृष्टीने पाहावे. भोईवाडा, कासार आळी ही नावे व्यवसायांची आठवण ठेवतात. कामतघर, टेमघर ही जुन्या गावांची नावे शहरात मिसळली आहेत. पद्मानगर हे नाव तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या वस्तीशी निगडित आहे. धामणकर नाका, वंजारपट्टी नाका ही नावे वाहतुकीच्या जागा दाखवितात. 'खाडीपार' हे नाव तर भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला विशेष बोलके वाटेल. 'पार' म्हणजे पलीकडे. परंतु कोणाच्या पलीकडे? शहराच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या. खाडीपार राहणाऱ्याच्या दृष्टीने पलीकडे असते ते शहर. नाव देणारा कोठे उभा आहे, हे नावातच कोरलेले असते, आणि आराखडा करणारा कोठे उभा आहे, हे आराखड्यातही तसेच उमटते.

स्थलनामांत पाण्याची स्मृतीही असते. अनेक शहरांत विहीर बुजते, तळ्यावर इमारत उभी राहते; परंतु 'बावडी', 'तलाव', 'नाला' हे शब्द पत्त्यात टिकून राहतात. भिवंडीला कामवारी नदी आणि खाडी यांचे सान्निध्य आहे व पावसाळ्यात सखल भागांत पाणी शिरते. पाणी कोठून येते, कोणत्या पायरीपर्यंत चढते, कोणत्या बाजूने ओसरते, हे तेथील वयस्क माणसे जुन्या नावांच्या आधारे सांगू शकतात. नकाशावर समतल दिसणारी जमीन त्यांच्या बोलण्यात 'वरची' आणि 'खालची' असते. हे दोन साधे शब्द पुराच्या नकाशाचे पहिले टिपण ठरू शकतात.

४.२.४ 'घर', 'कुटुंब' आणि 'बिस्सी'

आता प्रश्नावलीच्या भाषेकडे वळू. समजा, आपण निजामपुऱ्यासारख्या वस्तीत पाहणीला गेलो आणि पहिला प्रश्न विचारला : 'आपले घर कोठे आहे?' यंत्रमागावर काम करणारा, उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून आलेला कामगार उत्तर देईल, 'घर तो गाँव में है.' तो खोटे बोलत नाही. त्याच्या भाषेत घर म्हणजे जेथे आईवडील, बायको-मुले राहतात ती जागा. भिवंडीत वर्षातील बहुतेक महिने तो जेथे झोपतो ती 'खोली' वा 'कमरा'. आपण त्याचे उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले, तर ज्या शहराचे पाणी तो पितो आणि ज्या शहराचे कापड तो विणतो, त्या शहरात त्याचे वास्तव्य शून्य ठरते.

दुसरा प्रश्न 'कुटुंबात किती माणसे?' हा. मराठीत आपण सहज म्हणतो, 'एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.' जनगणनेची व्याख्याही याला जवळची आहे : सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि सामाईक स्वयंपाकघरातून जेवणाऱ्या व्यक्तींचा गट. खानावळ, वसतिगृह यांसारख्या ठिकाणी एकत्र राहणाऱ्या, नाते नसलेल्या व्यक्तींसाठी जनगणनेत 'संस्थात्मक कुटुंब' असा वेगळा प्रकार आहे.

भिवंडीच्या मागवस्तीत या व्याख्या अपुऱ्या पडतात. येथे एकट्याने राहणारे कामगार 'बिस्सी'त जेवतात. एखादी स्त्री आपल्या घरीच ठरलेल्या मासिक पैशांवर कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक करते. तिला बिस्सी म्हणतात. जेवणारे एका चुलीवर जेवतात, परंतु झोपतात चार वेगवेगळ्या खोल्यांत. मग कुटुंब एक की चार? चूल पाहिली तर एक, दार पाहिले तर चार, नाते पाहिले तर एकही नाही. शब्दाचा आणखी एक पेच आहे. महाराष्ट्रात अन्यत्र 'भिशी' म्हणजे दरमहा पैसे जमवून आळीपाळीने उचलण्याची व्यवस्था. पुण्याहून वा नागपूरहून आलेल्या सर्वेक्षकाने 'आपण भिशीत आहात का?' असे विचारले, तर ऐकणारा जेवणाचे उत्तर देईल आणि लिहिणारा बचतीच्या रकान्यात खूण करील. दोघेही प्रामाणिक, आणि नोंद मात्र चुकीची.

याचा परिणाम किती मोठा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका गल्लीत ४० खोल्या आहेत. सर्वेक्षकाने प्रत्येक खोलीमागे पाच माणसे धरली. लोकसंख्या २०० झाली. प्रत्यक्षात २५ खोल्यांत प्रत्येकी पाच माणसांची कुटुंबे आहेत, म्हणजे १२५ माणसे. उरलेल्या १५ खोल्यांत मागकामगार आहेत. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. दिवसपाळीची माणसे रात्री झोपतात, रात्रपाळीची दिवसा. एका खोलीत दोन्ही पाळ्यांचे मिळून १२ कामगार धरले, तर १८० माणसे होतात. एकूण ३०५. कागदावरील २०० आणि खऱ्या ३०५ यांच्यातील १०५ माणसांना पाणी, शौचालय आणि दवाखाना यांच्या हिशेबात स्थान नाही. सर्वेक्षक दुपारी आला, तर त्याला अर्धे कामगार मागावर असल्याने दिसणार नाहीत. रात्री आला, तर उरलेले अर्धे.

ही खरी संख्या कोणाजवळ असते? बिस्सी चालविणाऱ्या स्त्रीजवळ. रोज किती ताटे वाढावयाची, कोण गावी गेला, कोण नवा आला, हे तिला चोख माहीत असते. तिने ही गणना कागदावर लिहिलेली नसेल. पिठाच्या आणि डाळीच्या मापात ती साठविलेली असते. अर्थात तिच्याकडे शेजारच्या गल्लीतील कामगारही जेवत असतील, म्हणून ताटांची संख्या खोल्यांच्या संख्येशी ताडून पाहावी लागते. लोकमाहिती म्हणजे लोक सांगतील ते जसेच्या तसे खरे मानणे नव्हे. दोन वाटांनी आलेल्या उत्तरांची तुलना करणे, हा तिचा गाभा आहे.

जे माणसांचे तेच जागेचे. नकाशाला जागा निवासी हवी किंवा औद्योगिक. ज्या घराच्या पुढच्या भागात माग चालतात आणि मागच्या भागात लेकरे अभ्यास करतात, त्या घराला कोणता रंग द्यावा? निवासी म्हटले तर मागाचा आवाज, कापसाची तूस आणि विजेचा भार हिशेबातून सुटतात. औद्योगिक म्हटले तर लेकरांची शाळा सुटते. 'मिश्र वापर' हा शब्द उपयोगी आहे, परंतु कशाचे मिश्रण, किती आणि कोणत्या वेळी, हे सोबत लिहिले तरच.

आपली प्रगती तपासा – २
(अ) 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या चूल, दार आणि नाते या तीन कसोट्यांवर कशी बदलते?
(आ) 'आपले घर कोठे आहे?' या प्रश्नाऐवजी स्थलांतरित कामगाराला कोणते दोन प्रश्न विचाराल?

४.२.५ 'यादी' या शब्दाचे भय

आतापर्यंतच्या विवेचनावरून, जितकी अधिक नोंद तितके चांगले, असा समज होईल. तो पूर्ण खरा नाही. 'यादी' हा शब्द वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळा ऐकू येतो. धोकादायक इमारतींची यादी, अतिक्रमणांची यादी, पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी, यांतून घर मिळतेही आणि जातेही. बिस्सी चालविणाऱ्या स्त्रीच्या मनात येईल, ही माहिती दिली तर आपले घर 'वाणिज्य' ठरेल काय, कर वाढेल काय? भाडेकरूला वाटेल, आपण किती जण राहतो हे कळले तर मालक खोली खाली करावयास लावील. अशा वेळी लोक गप्प बसतात किंवा संख्या कमी सांगतात. सर्वेक्षक त्यास 'असहकार' म्हणतो. त्यांच्या बाजूने पाहिले तर ते आत्मरक्षण असते.

परंतु न मोजले जाण्याचीही किंमत असते, आणि ती कधीकधी जिवाने मोजावी लागते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनेत पहिला प्रश्न असतो : आत किती जण होते? त्या क्षणी शेजाऱ्यांची स्मृती हीच रहिवाशांची यादी बनते. ती स्मृती संकट येण्यापूर्वी कागदावर असावी, आणि तरीही ती रहिवाशांविरुद्ध वापरली जाऊ नये, हा लोकमाहितीपुढील खरा कठीण प्रश्न आहे.

याचे उत्तर विश्वासाच्या रचनेत शोधावे लागते, आणि भिवंडीच्या इतिहासात त्याचा एक धडा आहे. १९७० आणि १९८४ या वर्षी या शहराने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ नंतर तेथील तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. वेगवेगळ्या धर्मांचे सामान्य रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले, लहानसहान तंटे तेथे बोलले जाऊ लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. या प्रयोगाचा विषय शहर नियोजन नव्हता; तरीही आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट त्यात आहे. आपण सांगितलेले कोणाकडे जाते आणि त्यातून काय होते, हे दिसू लागले की लोक बोलू लागतात.

म्हणून माहिती गोळा करणाऱ्याने काही मर्यादा स्वतःवर घालून घ्याव्यात. गरज नसेल तेथे नाव लिहू नये. गल्लीनिहाय संख्या पुरेशी असते. धर्म, मूळ राज्य, कागदपत्रे यांविषयीचे प्रश्न आराखड्याच्या कामाला लागत नसतील, तर विचारूच नयेत. माहितीचा उपयोग काय होणार, हे उत्तर देणाऱ्याच्या भाषेत आधी सांगावे. निजामपुऱ्यासारख्या ठिकाणी केवळ मराठी प्रश्नावली पुरणार नाही. उर्दू आणि हिंदी लागेल, शहराच्या अन्य भागांत तेलुगू लागेल, भोवतालच्या गावांत आगरी बोलीची जाण लागेल. आणि तयार झालेला तक्ता प्रथम वस्तीत वाचून दाखवावा. चूक असेल तर ती तेथेच दुरुस्त होते.

'समाज काय म्हणतो' या शब्दप्रयोगाविषयीही सावध असावे. बैठकीत बोलतो तो बहुधा घरमालक, कारखानदार किंवा पुढारी. मागकामगार पाळीवर असतो, स्त्री स्वयंपाकघरात असते. बैठकीच्या इतिवृत्तात 'रहिवाशांनी एकमताने सांगितले' असे लिहिण्यापूर्वी, कोणते रहिवासी हजर नव्हते हे लिहावे.

४.२.६ मुंबईचा अनुभव

लोकांनी आराखडा तपासला तर काय होते, याचे अलीकडील उदाहरण मुंबईचे आहे. मुंबईचा २०१४ ते २०३४ या काळासाठीचा आराखडा तयार होत असताना विद्यमान भूवापर नकाशे पाहण्यास मिळाले आणि नागरी संघटना, वास्तुरचनाकार व वस्त्यांतील रहिवासी यांनी ते आपल्या परिसराशी ताडून पाहिले. अनेक चुका निदर्शनास आल्या. कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या सीमांचा प्रश्न त्यांत प्रमुख होता. मासळी सुकविण्याची जागा परक्याच्या नजरेला 'मोकळी' दिसते. कोळी स्त्रीच्या दृष्टीने ती कामाची जागा असते. 'मोकळी जमीन' हे दोन शब्द तेथे चालणारे कष्ट पुसून टाकतात.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे पासष्ट हजार हरकती व सूचना आल्या. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यातील चुका दुरुस्त करून तो नव्याने मांडण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. सर्वांच्या सर्व मागण्या मान्य झाल्या असे नाही. तथापि, सामान्य माणसाने लिहिलेले वाक्य नकाशावरची रेषा हलवू शकते, हे यातून सिद्ध झाले.

४.२.७ हरकतीची भाषा

येथे आपल्या अभ्यासक्रमाचा थेट उपयोग होतो. पुढील दोन नमुने वाचा. दोन्ही काल्पनिक आहेत.

नमुना १ : 'प्रारूप आराखड्यात आमच्या भागावर मोठा अन्याय झाला असून लोकांच्या भावना तीव्र आहेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.'

नमुना २ : 'प्रारूप आराखड्यात अमुक क्रमांकाच्या आरक्षणाखालील जागा "मोकळी जमीन" म्हणून दर्शविली आहे. प्रत्यक्षात तिच्या पूर्व भागात दर बुधवारी भाजीबाजार भरतो. सलग चार बुधवारी सकाळी दहा वाजता केलेल्या मोजणीत अनुक्रमे ६२, ५८, ६५ व ६० विक्रेते आढळले. मोजणीचा तक्ता व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हा वापर विद्यमान भूवापर नकाशात नोंदवावा आणि आरक्षणात बाजारासाठी जागा ठेवावी.'

पहिल्या नमुन्यात राग खरा आहे, परंतु वाचणाऱ्या अधिकाऱ्याने नेमके काय करावे हे त्यातून कळत नाही. 'योग्य ती कार्यवाही' ठरविण्याचा अधिकार लिहिणाऱ्याने आपणहून सोडून दिला आहे. दुसऱ्या नमुन्यात पाच गोष्टी क्रमाने येतात : जागेची ओळख, आराखड्यातील नोंद, प्रत्यक्ष स्थिती, पुरावा आणि मागणी. क्रियापदांकडेही पाहावे. 'दर्शविली आहे', 'भरतो', 'आढळले' ही विधाने तपासता येतात. 'भावना तीव्र आहेत' हे विधान तपासता येत नाही. भावना दाबून टाकावी असे येथे सुचवावयाचे नाही. तिला पुराव्याचा आधार द्यावा, एवढेच.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, व्यवसाय किंवा संसार सांभाळून शिकत आहात. आपल्या गल्लीत असे एक पत्र लिहून देणारे माणूस हवे असते. मराठीचे पदवीधर म्हणून ते काम आपल्याकडे येईल, आणि ते करण्याची पात्रता आपणांस या अभ्यासातून मिळावी, अशी अपेक्षा आहे.

४.३ सारांश

विकास आराखडा शहराच्या जमिनीचा भावी वापर ठरवितो आणि त्याचा पाया विद्यमान भूवापराच्या पाहणीवर उभा असतो. ही पाहणी ठरावीक शब्दांच्या चौकटीत होते. 'घर', 'कुटुंब', 'मोकळी जमीन' यांसारखे साधे वाटणारे शब्द प्रत्यक्ष जीवनाशी जुळत नाहीत तेव्हा माणसे आणि त्यांचे व्यवहार हिशेबातून सुटतात. लोकमाहिती ही उणीव भरून काढू शकते. मात्र ती पद्धतशीर, तपासता येण्याजोगी आणि माहिती देणाऱ्याला अपाय न करणारी असावी लागते. स्थलनामांचा अभ्यास, प्रश्नावलीची भाषा, बहुभाषिक वस्तीचे भान आणि हरकतीचे लेखन ही या कामातील भाषाभ्यासकाची क्षेत्रे आहेत.

४.४ पारिभाषिक शब्द

नियोजन प्राधिकरण : आराखडा तयार करण्याचा कायदेशीर अधिकार असलेली संस्था.
प्रारूप : मंजुरीपूर्वी लोकांसमोर ठेवलेला कच्चा मसुदा.
विद्यमान भूवापर : जमिनीचा आजचा प्रत्यक्ष वापर.
गावठाण : गावाची मूळ वस्तीची जागा.
पुनरीक्षण : ठरावीक काळाने आराखडा पुन्हा तपासून सुधारणे.

४.५ स्वाध्याय

१. 'आराखडा जितका रेषांचा असतो तितकाच शब्दांचाही असतो.' या विधानाचे सोदाहरण विवेचन करा.
२. यादीत असण्याचे आणि नसण्याचे धोके भिवंडीच्या संदर्भात स्पष्ट करा.
३. 'आरक्षण', 'मोजणी' आणि 'विकास' या शब्दांचे सर्वसामान्य व नगररचनेतील अर्थ यांची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरातील वीस जागांची नावे नोंदवा. प्रत्येक नावापुढे अधिकृत नाव, लोकांच्या तोंडचे नाव आणि त्या जागेचा सकाळी, दुपारी व रात्री होणारा वापर लिहा. किमान तीन वेगवेगळ्या वयोगटांतील आणि शक्यतो वेगवेगळ्या मातृभाषांच्या व्यक्तींकडून ही नोंद तपासून घ्या. मात्र त्यांची नावे लिहू नका. नंतर आपल्या गावाचा विकास आराखडा नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात पाहून, त्यात यांपैकी कोणत्या जागा कोणत्या नावाने दर्शविल्या आहेत आणि कोणत्या मुळीच दर्शविलेल्या नाहीत, याचा दोन पृष्ठांचा अहवाल लिहा. एखादी जागा सुटलेली आढळल्यास तिच्याविषयीची सूचना नमुना २ प्रमाणे तयार करून अहवालासोबत जोडा.